फळीवरची रेल्वे

मॉडेल रेल्वे म्हटलं की गोल गोल फिरणारी गाडी डोळ्यांपुढे येते. पण त्या गोलाला जागा हवी. अरुंद फळीवर तो मावत नाही. मग गाडी फिरवायचीच कशाला? ब्रिटनच्या अ‍ॅलन राइट यांनी 'इंगलनूक सायडिंग्ज' या मांडणीत शंटिंगचाच, म्हणजे वाघिणी (मालाचे डबे) पुढंमागं करून हव्या त्या रुळावर लावण्याचाच, खेळ केला. रूळ बदलायचे सांधे दोन, सायडिंगं (बाजूचे बंद रूळ) तीन: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. वाघिणी मात्र आठच. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमानं लांब सायडिंगमध्ये जोडायच्या. असे क्रम 6,720 होतात. रोज एक मांडला तरी अठरा वर्षं पुरतील!

खरी गोम इंजिनाच्या बाजूच्या रुळात आहे. तिथं इंजिन आणि तीन वाघिणी, एवढीच जागा ठेवायची. चौथी मावली की कोडं सोपं होतं, गंमत जाते. म्हणून रूळ ठोकण्याआधी वाघिणी जोडूनच माप घ्या. सांध्यापाशी शेजारची वाघीण घासणार नाही, इतकी मोकळीक सोडा. एन गेज या छोट्या मॉडेल-मापात दोन रुळांतलं अंतर अवघं 9 मिलिमीटर, त्यामुळे हे सगळं पुस्तकांच्या फळीवर बसतं. पुस्तकं कुठं हलवायची, ते मात्र घरच्यांना विचारून ठरवा.