जीपमधलं पाणी आणि रांगोळीची पूड

मृग लागलाय. शेणी-लाकडं आत घेऊन झाली असतील, घरं शाकारून झाली असतील. आज आम्ही घराच्या नाही, गाडीच्या गळतीबद्दल बोलणार आहोत. गाडी म्हणजे वरचं कापडी हूड काढता येतं ती आपली जुनी जीप. वडापच्या मागच्या बाकावर, ओल्या पडद्याला पाठ लावून आपण सगळ्यांनीच कधी ना कधी बाजार केलाय. पण तेव्हा गाडी दुसऱ्याची असते. उतरलं, पदर पिळला, चाललं. गाडी आपली झाली की कळतं.

आम्ही गगनबावडा तालुक्यातल्या बारा जणी. नाचणीचे पापड करतो आणि कोल्हापुरात दुकानांना देतो. २०१८ च्या दिवाळीत बँकेचं कर्ज काढून जुनी जीप घेतली. हूड ताडपत्रीचं, बाजूला टिचबटणांचे पडदे, मागे समोरासमोर दोन बाकं. उन्हाळा झकास गेला. आमच्यातल्या एका वैनींचा मुलगा गाडी चालवायचा.

पुढच्या वर्षी आर्द्रा लागल्या आणि पहिल्याच फेरीत पापडांचे तीन खोके तळातून भिजले. वरून कोरडे, खालून लगदा. आम्ही सरळ पोराला धरलं. पडदे नीट लावले नसतील, कुठंतरी चहाला थांबला असेल, गाडी उघडी टाकली असेल. तो म्हणत होता, “मावशी, सगळी बटणं लावलेली, आईशपथ.” आम्ही ऐकलं नाही. बैठकीत ठराव केला आणि दोन महिने त्याच्या पगारातून पाचशे-पाचशे कापले. त्याची आई त्या बैठकीत खाली मान घालून बसली होती. ते आठवलं की आजही आम्हाला बरं वाटत नाही.

मग हूडच बदललं. जुनं विरलं होतं म्हणून नवं शिवून आणलं. त्यात आमची वर्षाची शिल्लक गेली. नव्या हुडाखालीही पाणी आलंच. ड्रायव्हरच्या पायाशी ओल, मागे चटईखाली चिखल.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. आमचा कोल्हापूरचा रस्ता बंद, शिरोलीजवळ महामार्ग बंद, सगळा जिल्हा जागच्या जागी अडकला. आमची जीप हूड आणि पडदे घट्ट लावून छपरीत उभी होती. आम्हाला वाटलं, राहील कोरडी. रस्ता सुरू झाल्यावर पडदा काढला तर ओल्या गोणपाटासारखा वास. बाकांच्या फोमवर बुरशी. रबरी चटई उचलली तर खाली पाणी तसंच साचलेलं आणि पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले. एके ठिकाणी झाडूची काडी टोचली ती आरपार गेली. त्याच जागेवर पाय ठेवून आमच्या पोरी बसायच्या.

तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आक्का वाकून बघत म्हणाल्या, “अगं, पाणी येतंय कुठनं ते राहू दे. जाईना का झालंय ते बघा की.”

खरंच, या गाडीचं मूळ बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीज कंपनीने १९४१ पासून अशा जीपा बनवल्या. आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत त्यांची जोडणी सुरू केली. सैन्याची गाडी उघडीच पळायची, पावसात आणि नदीनाल्यात भिजायचीच. म्हणून तिच्या तळाला पाणी सोडायची भोकं ठेवलेली असत. आपलं इरलं तरी काय करतं? पाऊस अडवत नाही, पाठीवरून खाली सोडून देतं. कौलाचंही तेच. आम्ही गाडीकडून मात्र डब्यासारखं घट्ट झाकण मागत होतो.

आमच्या जीपच्या तळाला अशी चार भोकं निघाली. दोन चिखलाने लिंपलेली, एकात रबरी बूच गच्च बसलेलं आणि एकावर आधीच्या कुणीतरी पत्र्याचा तुकडा डकवलेला. म्हणजे जरासं आत आलेलं पाणीही बाहेर जात नव्हतं. चटई ते झाकून ठेवायची आणि आम्ही चटई रोज वरून पुसायचो!

भोकं मोकळी केली. आता येतंय कुठून, तेही शोधायचं ठरलं. गॅरेजात विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. मग आम्ही आमच्या पद्धतीने केलं. उघडीप बघून गाडी आतून पूर्ण कोरडी केली. पुढच्या काचेच्या चौकटीखाली, हुडाच्या कडेला, पडद्यांच्या खालच्या पट्टीवर आतून रांगोळीची बारीक पूड भुरभुरली. एक जण आत बसली, दुसरीने बाहेरून तांब्याने पाणी ओतलं. एक गोष्ट नीट ऐका. ओतायला खालून सुरुवात करायची आणि थोडं थोडं वर जायचं. वरून ओतलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. पूड जिथे भिजून काळी पडते, तिथे दार.

हुडावर चार कळशा ओतल्या, आत थेंब नाही. पुढची काच खाली पाडता येते ना, तिच्या चौकटीच्या बुडाशी रबराची पट्टी असते. तिथे पाव तांब्या पाणी गेलं आणि पूड लगेच भिजली. रबर उन्हाने कडक होऊन आक्रसलं होतं. शिवाय पळती गाडी स्वतःचा वारा तयार करते आणि तो वारा पाणी फटीतून आत रेटतो. उभ्या गाडीत जेमतेम थेंब, पळत्या गाडीत धार. पोरगा तेच सांगत होता, “चालू असताना येतंय.” दुसरी जागा नव्या हुडाची मधली शिवण. ओतलेलं पाणी तिथून निथळून जायचं, पण दोन कमानींच्या मध्ये कापड सैल राहून तिथे पाण्याचं पोट साचायचं, आणि साचलेलं पाणी सुईच्या भोकांतून हळूहळू झिरपायचं. घाटाच्या उतारावर ब्रेक मारला की ते पोट पुढे सरकायचं आणि काचेच्या वरच्या फटीतून ड्रायव्हरच्या मांडीवर! आम्ही हसलो, तो हसला नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. काचेखालचं रबर नवं घातलं, हूड शिवायला लागलं त्याच्या मानाने त्याला काहीच पैसे लागले नाहीत. कमानींवर जुन्या गोधडीच्या पट्ट्या बांधून हूड ताणून घेतलं, पोट साचायचं थांबलं. शिवणीवर आतून-बाहेरून मेणबत्ती दाबून घासली. एकीने उत्साहात वरून इस्त्री फिरवली आणि हुडाचा वास सुटला. ते करू नका, घासणं पुरतं. गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग केला, खालून-वरून गंजरोधक रंग दिला. चटई आता शनिवारी उचलतोच. फोम काढून रेक्झिनची पातळ गादी केली, लवकर वाळते.

ओलं हूड घडी घालून ठेवायचं नाही, पापड ओले असताना आपण डब्यात भरतो का? पडद्याच्या पारदर्शक प्लास्टिकवर कोरडं फडकंही मारायचं नाही, धुळीने चरे पडतात आणि रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्यावर पसरतो. आधी पाणी ओता, मग पुसा. फ्यूजचा डबा काचेच्या खालीच असेल तर तोही बघून घ्या. तारा ओल्या दिसल्या तर आधी बॅटरीची मायनसची तार सोडा, मगच हात घाला.

आणि रस्त्यावरच्या पाण्याचं. आमच्याकडे कुंभीला पाणी चढलं की मांडुकलीजवळ रस्ता बुडतो. जीप उंच आहे, जाईल, असं गाडीतला एक तरी पुरुष म्हणतोच. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला ढकलतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना घेऊन जातं. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय, तेही दिसत नाही. आम्ही गाडीच्या कर्जाबरोबर एक नियम लिहून ठेवलाय, पाणी वाहत असेल तर माल सडला तरी गाडी परत. साचलेल्या थोड्या पाण्यातून जावं लागलंच, तर पलीकडे सावकाश चालत ब्रेक दोन-चारदा हलके दाबून वाळवा. घरी आल्यावर गिअरचं ऑइल बघायला सांगा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, ते बदलायचं.

हे सगळं झाल्यावर पुन्हा बैठक लावली. ठरावाच्या वहीतच लिहिलं, की गळती काचेच्या रबरातून होती, चालकाची चूक नव्हती. त्याचे हजार रुपये त्याच्या आईच्या हातात नाही, त्याच्याच हातात दिले, सगळ्यांच्या समोर. त्याने मोजले नाहीत. म्हणाला, “मावशी, मागच्या डाव्या पडद्याचं खालचं बटण तुटलंय, ते पण बघा.”

तुटलेलंच होतं. ते आम्ही त्याच दुपारी बसवलं. यंदा आर्द्रा लागायच्या आत रांगोळीची पूड पुन्हा एकदा भुरभुरायची आहे. त्यासाठी तांदळाचं पीठ मात्र वापरू नका, उंदीर येतात आणि ते तारा खातात. तेही आमचं करून झालंय.