व्हिडिओ आहे, नोंद कुठे आहे?

विषयात ‘सॉफ्टवेअर’ आहे म्हणून मागच्या दोन रांगा रिकाम्या राहिल्या, हे दिसतंय. (हशा) बसलेल्यांनी घाबरू नये, प्रोग्रामिंग शिकवणार नाही. ओपन सोर्स म्हणजे काय, हे ठाऊक आहे असं धरून पुढे जातो. माझं म्हणणं एवढंच: फोटो-व्हिडिओ जपायचे तर आधी त्यांची नोंद जपावी लागते, आणि नोंद आपल्या ताब्यात राहायची तर सॉफ्टवेअर खुलंच हवं.

ऋषिपंचमीला आपल्या तासगावच्या गणपतीचा रथ निघतो तेव्हा दोर ओढणारे हात जास्त की मोबाइल धरलेले, हे सांगणं अवघड आहे. संध्याकाळपर्यंत सगळं व्हॉट्सॲपवर फिरतं. तिथे फोटो नेहमीसारखा पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि कधी, कुठे काढला ही फाइलमधली माहितीही गळून जाते. काही वर्षांनी फोटोत देवळाच्या गोपुराचे सात मजले मोजता येतात, फोटोचं साल सांगता येत नाही. आता रथाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. या व्हिडिओंत देव असतो, गर्दी असते. पण रथ कुठे अडला, वळणावर दोर कसा फिरवला, कोण ओरडून सूचना देत होतं, हेही असतं. मागे दुकानांच्या पाट्या असतात. दहा वर्षांच्या पाट्या ओळीने लावल्या तर त्या रस्त्याच्या व्यापाराचा इतिहास हाती येईल. मात्र त्यासाठी पाटी कितव्या मिनिटाला दिसते, हे कुणीतरी लिहिलेलं हवं.

हे मुंबईत करून झालंय. २००८ मध्ये कॅम्प, मजलिस, बंगळूरचा अल्टरनेटिव्ह लॉ फोरम अशा संस्थांनी बर्लिनच्या प्रोग्रामरांना बरोबर घेऊन ‘पॅड.मा’ सुरू केलं. पूर्ण झालेल्या चित्रपटांपेक्षा संकलनात न वापरलेल्या चित्रीकरणावर त्यांचा भर. व्हिडिओच्या हव्या त्या क्षणाला बोललेले शब्द, ठिकाण, टिपण जोडता येतं. शोधलं की नेमका तो तुकडा समोर येतो. त्यामागचं ‘पॅन्डोरा’ हे सॉफ्टवेअर खुलं आहे, म्हणूनच २०१३ मध्ये भारतीय चित्रपटांचा ‘इंडियनसिने.मा’ हा संग्रह त्याच्यावरच उभा राहिला. पुन्हा पहिल्यापासून चूल मांडावी लागली नाही.

कुणी म्हणेल, यूट्यूब फुकट असताना हा खटाटोप कशाला? दाखवायला यूट्यूब उत्तम आहे, जरूर वापरा. पण ते दुसऱ्याचं घर आहे. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. बंदी योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. (कुजबुज) नाही, खरंच नाही. मोबाइलमध्ये उतरवून घेतलेले व्हिडिओ उरले, त्यांच्याखालचं लोकांचं बोलणं हातचं गेलं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ओपन सोर्सही बंद पडतंच. पडतं. भारत मेदीरत्ता यांनी सहकाऱ्यांबरोबर उभं केलेलं ‘गॅलरी’ हे फोटोसंग्रहाचं सॉफ्टवेअर एके काळी जगभर चालायचं. २०१४ मध्ये मूळ मंडळींनी काम थांबवलं. पण ज्यांनी ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं होतं त्यांचे फोटो, मथळे, नोंदी त्यांच्याकडेच राहिल्या, आणि कोड खुला असल्याने इतरांना डागडुजी करता आली. बंद पडणं दोन्हीकडे आहे, फरक पडतो तो त्यानंतर.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं. म्हणजे देवनागरीतल्या शोधाबद्दल घाईने बोलावं लागणार. एकाने नाव ‘परशुरामभाऊ’ असं लिहिलं, दुसऱ्याने ‘परशुराम भाऊ’, की साधा शोध दोघांची गाठ घालून देत नाही. दूरच्या कंपनीला हे कळवून बघा, वाट बघत बसाल. कोड हाती असेल तर इथल्या कॉलेजचा विद्यार्थीही ते दुरुस्त करू शकतो, आणि ती दुरुस्ती सांगली-साताऱ्यातल्या दुसऱ्या गावालाही देता येते. आता नोंदी लिहायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न उरतो. त्यावर सॉफ्टवेअरकडे उत्तर नाही. उत्सवातल्या जुन्या मानकऱ्यांना व्हिडिओसमोर बसवून ते बोलतील ते टिपून घेणं, एवढंच मला सुचतं. सर्व्हरच्या खर्चाचं बोलायचं राहिलंच. ते प्रश्नोत्तरांत विचारा, टाळणार नाही.