लोकप्रतिनिधीचा लेखी प्रश्न आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात लोणावळे येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, वसतिगृहाचा निधी, वधूवरांचा परिचय हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय होत. ते आवश्यकच आहेत. आज मात्र एक किंचित रूक्ष वाटणारा विषय मांडण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. विधिमंडळात व संसदेत आपले प्रतिनिधी सरकारी खात्यांना जे प्रश्न लेखी स्वरूपात विचारतात त्यांचे स्वरूप काय, त्यांतून निष्पन्न काय होते, आणि त्या कामी आपला वाटा कोणता, एवढाच तो विषय आहे.

आपल्याच सर्वसाधारण सभेचे उदाहरण घ्या. एखादा सभासद उठून गतवर्षीच्या मंडपखर्चाची पावती कोठे आहे असे विचारतो. क्षणभर सभा अवघडते, चिटणीस कागद चाळू लागतात. परंतु पुढील वर्षी पावत्या ओळीने लावलेल्या आढळतात. प्रश्नाचे उत्तर काय मिळाले याहून, प्रश्न विचारला जाईल ही जाणीव राहिली, हा लाभ मोठा. विधिमंडळातील प्रश्नाचे तत्त्व याहून निराळे नाही.

हा हक्क आपणांस सहजासहजी लाभलेला नाही. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलांत सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली. परंतु उत्तर ऐकून मुकाट्याने खाली बसावे लागे, त्यावर उपप्रश्न विचारता येत नसे. लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबईच्या कौन्सिलात निवडून गेले, ते या अपुऱ्या हक्काच्या काळात. ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याला उपप्रश्नाची मोकळीक १९०९ च्या सुधारणांनी दिली, आणि ती सर्व सभासदांना मिळण्यास १९१९ चा कायदा यावा लागला. तरीही १९२१ साली आपल्या शेजारच्या मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा मताधिकार मालमत्तेच्या व साऱ्याच्या अटींनी थोड्यांपुरताच मर्यादित होता. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या त्यांतील बहुतेकांना कौन्सिलात आपला म्हणावा असा प्रतिनिधी नव्हता. आज प्रत्येक प्रौढाला मत आहे. म्हणून प्रतिनिधीच्या द्वारे प्रत्येकाला प्रश्नही आहे. आपण तो वापरतो किती, हाच विचार करण्याजोगा भाग आहे.

आता प्रश्नांचे प्रकार पाहू. ज्यावर तारकेची खूण असते तो तारांकित प्रश्न. त्याचे उत्तर मंत्री सभागृहात देतात व त्यावर उपप्रश्न निघतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी मिळते. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी अल्पसूचना प्रश्नाची तरतूद आहे, आणि उत्तर अपुरे वाटल्यास अर्धा तास चर्चा मागता येते. लोकसभेत एका दिवशी वीस तारांकित व दोनशे तीस अतारांकित प्रश्न सोडतीने यादीत येतात. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. त्या वीसांपैकी मोजक्याच प्रश्नांची उत्तरे त्या तासाभरात सभागृहात होतात. बाकीच्यांची उत्तरे लेखीच पटलावर येतात. म्हणजे कामाचा खरा भार लेखी प्रश्न वाहतो. सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या काळात संसदेचे अधिवेशन भरले तेव्हा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता, परंतु लेखी उत्तरे चालू राहिली.

महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नोत्तरांची यादी ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिचा साचा परिचित असेल. अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात होते. पहिला भाग : अमुक घटना घडली, हे खरे आहे काय? दुसरा : असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? तिसरा : चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे? आणि अखेरचा : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? वर्षानुवर्षे हाच साचा चालत आल्यामुळे तो यांत्रिक वाटतो. परंतु त्याची रचना मोठी विचारपूर्वक आहे. पहिल्या भागाने खात्याला वस्तुस्थिती मान्य किंवा अमान्य करावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्याने आपण काय केले हे सांगावे लागते. आणि काहीच केले नसेल तर चौथा भाग वाट अडवून उभा असतो.

हा कागद पुढे कसा प्रवास करतो तेही पाहण्यासारखे आहे. अध्यक्षांनी प्रश्न स्वीकृत केला की तो मंत्रालयातील संबंधित विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याकडे जातो. तेथून आयुक्त किंवा जिल्हाधिकारी, तेथून प्रांत, तहसीलदार, आणि जमिनीचा विषय असेल तर गावच्या तलाठ्यापर्यंत पोहोचतो. जी फाईल एरवी वडगावच्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास महिने घेते, तिच्यावर 'विधानसभा प्रश्न' असा शेरा पडताच ती चार दिवसांत शोधून काढली जाते. उत्तरावर मंत्र्यांची जबाबदारी असते. सभागृहाला चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाचा प्रसंग ओढवू शकतो. म्हणून उत्तर सभागृहात वाचले जाण्यापूर्वीच कित्येकदा अडलेले काम मार्गी लागते.

आपल्या मावळातील एक दुःखद प्रसंग आपणां सर्वांच्या स्मरणात आहे. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, तळेगावनजीक कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जीव गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. दोष कोणाचा हे ठरविणे चौकशीचे काम आहे, आम्ही ते हाती घेत नाही. परंतु लेखी प्रश्नाची आवश्यकता याहून स्पष्टपणे कोणी समजावू शकणार नाही. पूल धोकादायक असल्याचे खात्याच्या निदर्शनास कोणत्या तारखेस आले? नव्या पुलास मंजुरी कोणत्या तारखेस मिळाली? कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेस निघाला? या तारखांमधील विलंबाची कारणे काय आहेत? तालुक्यात ओढ्यानाल्यांवर, नद्यांवर असे जुने साकव व पूल आणखी किती आहेत, याची यादी गावागावांतून तयार झाली आणि त्या प्रत्येकासाठी हेच चार प्रश्न पावसाळ्यापूर्वी विचारले गेले, तर ते पुढील दुर्घटनेच्या आधी विचारलेले प्रश्न ठरतील. अपघातानंतरच्या प्रश्नाने जबाबदारी ठरते. अपघातापूर्वीच्या प्रश्नाने माणूस वाचतो.

उत्तर टाळले गेले तर पुढे काय, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठी १९५७ सालचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविले होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लोकसभेत त्याविषयी प्रश्न विचारला गेला. समाधानकारक उत्तर मिळाले नाही. सभासदांनी पाठ सोडली नाही, आणि डिसेंबरात फिरोझ गांधी यांनी तो विषय सभागृहात सविस्तर मांडला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा चौकशी आयोग मुंबईत उघडपणे चालला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पदत्याग करावा लागला. प्रश्न विचारणारे सत्ताधारी पक्षाचेच सभासद होते, हेही ध्यानात ठेवावे. प्रश्न विचारणे म्हणजे विरोध करणे नव्हे. ते सभासदाचे कर्तव्यच होय.

या साधनाला मर्यादाही आहेत आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. 'माहिती गोळा करण्यात येत आहे', 'कार्यवाही सुरू आहे', 'प्रश्न उद्भवत नाही' अशी उत्तरे ज्यांनी वाचली नाहीत असा वाचक विरळा. याच रोगावर उपाय म्हणून लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे. मंत्र्यांनी दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे व्हावे अशी तिची अपेक्षा असते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती काम करते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणी डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या अकरा सभासदांना बडतर्फ करण्यात आले. प्रश्नाला किंमत आहे, याचाच तो विपरीत पुरावा! आणि तिसरी गोष्ट अशी की, प्रश्नांची संख्या म्हणजे कार्याचे माप नव्हे. शंभर प्रश्न विचारून एकाचाही पाठपुरावा न करणारा सभासद, आणि एकच प्रश्न तड लागेपर्यंत धरून ठेवणारा सभासद, यांची तुलना मतदारांनीच करावयाची आहे.

आपल्या पवन मावळाकडे वळू. पवनेचे धरण पुरे होऊन पन्नास वर्षे उलटली. त्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड शहर वाढले. परंतु जमिनी दिलेल्या शेकडो खातेदारांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे पिढीजात झाले. त्यातच बंद जलवाहिनीचा प्रकल्प आला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तिघांचा बळी गेला. रस्त्यावर उतरण्याची वेळ का येते, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. ज्या समाजाला आपल्या प्रश्नाचे वेळीच, कागदावर, तारखेसह उत्तर मिळते, त्याला महामार्ग अडविण्याचे प्रयोजन उरत नाही. लेखी प्रश्न हा म्हणूनच शासनाच्याही हिताचा आहे.

मग आपण करावयाचे काय? पहिली गोष्ट, प्रश्न कोठे विचारावयाचा हे जाणून घ्यावे. पुणे-लोणावळे लोकलच्या फेऱ्या, कार्ले व भाजे येथील लेण्यांची आणि लोहगडाची देखभाल, हे केंद्र सरकारचे विषय. त्यांचे स्थान लोकसभा. द्रुतगती मार्ग, पुनर्वसन, जिल्ह्यातील पूल, सातबाराच्या नोंदी, जातीच्या दाखल्यांची पडताळणी, हे राज्याचे विषय. त्यांचे स्थान विधिमंडळ. आपला मावळ लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेने झाला आणि त्यात पनवेल, कर्जत, उरण यांच्यासह मावळ, चिंचवड व पिंपरी असे घाटाखालचे व घाटावरचे भाग एकत्र आहेत. तेव्हा खासदाराकडे मावळची बाजू नेमकेपणाने पोहोचविणे अधिकच अगत्याचे आहे.

दुसरी गोष्ट, प्रतिनिधीला गाऱ्हाणे देऊ नका, प्रश्न द्या. 'आमच्याकडे लक्ष नाही' हे गाऱ्हाणे झाले. अमुक गावच्या अमुक विद्यार्थ्याने अमुक तारखेस पडताळणीसाठी अर्ज केला, पोच क्रमांक हा, प्रवेशाची मुदत ही, दाखला अद्याप नाही. असे वीस अर्ज एकत्र मांडले की तो प्रश्न झाला. तारीख, क्रमांक, ठिकाण आणि कागदाची प्रत या चार गोष्टी नसतील तर उत्तम आमदारही हतबल होतो. माहितीच्या अधिकाराखाली आधी कागद मिळविता येतात. मात्र २००५ च्या त्या कायद्यातील वैयक्तिक माहितीसंबंधीचा मजकूर २०२३ च्या नव्या कायद्याने आखूड केला आहे, हे ध्यानी घ्यावे. नागरिकाच्या हातचे साधन जितके आखूड होईल, तितके प्रतिनिधीच्या प्रश्नाचे मोल वाढेल.

तिसरी गोष्ट, उत्तर वाचावे. विधिमंडळाची व संसदेची प्रश्नोत्तरे आता संकेतस्थळावर कोणासही पाहता येतात. आपल्या गावासंबंधी दिलेले उत्तर खरे आहे की नाही, हे मुंबईत बसलेल्या कोणापेक्षाही गावकऱ्यालाच अधिक कळते. उत्तरात पूर्ण झाल्याचे म्हटलेले काम जागेवर अपुरे असेल, तर छायाचित्रासह ते प्रतिनिधीला कळविणे हा पुढील अधिवेशनाचा उपप्रश्न होय.

यासाठी आमची मंडळाला एक नम्र सूचना आहे. तीन जाणत्या सभासदांची एक लहान समिती नेमावी; त्यांत एक निवृत्त कारकून, एक शिक्षक व एक भगिनी असावी. मुंबईची दोन व नागपूरचे एक अशा प्रत्येक अधिवेशनाच्या दोन महिने आधी तिने गावोगावच्या अडचणी तारीखवार टिपून, पक्षाचा विचार न करता, सर्व प्रतिनिधींकडे द्याव्यात. आणि मिळालेली उत्तरे याच स्मरणिकेत दरवर्षी छापावीत. जाहिरातींच्या पानांबरोबर ही दोन पाने असली तर स्मरणिका जपून ठेवण्यासारखी होईल.

अखेरची विनंती अशी की, हे काम आपल्या ज्ञातीपुरते ठेवू नये. मोडका पूल वर जाणाऱ्याची जात विचारत नाही, आणि पवनेचे पाणी ज्यांच्या शेतावरून गेले ते सर्वच जातींचे होते. आपल्या मंडळाने विचारावयास लावलेल्या प्रश्नाने शेजारच्या वस्तीचे काम झाले, तर आपल्या संघटनेचा तो खरा गौरव होय.