स्टिअरिंगवर कोण?

(मंडळाच्या वर्षावास समारोप कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

चिटणीसांनी मला बँकेच्या कर्ज योजनांवर बोलायला सांगितले होते. मी म्हणालो, योजनांवर बोलतो, पण ट्रकमध्ये बसून बोलतो. आमच्या घरी एक जुना फार्गो ट्रक आला आहे हे वस्तीत सर्वांना ठाऊक आहे. चाळिशी ओलांडलेला बँकेतला कारकून दर रविवारी पहाटे ट्रक शिकायला जातो, यावर बरीच करमणूकही झालेली आहे. आमच्या सौभाग्यवतींनी तर पहिल्याच दिवशी विचारले, "स्कूटरचा हप्ता अजून फिटला नाही, आणि आता ट्रक?" तेव्हा आज जरा खुलासाही होऊन जाईल.

पण ट्रकच्या आधी बैलगाडी, आणि मग टांगा. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. त्यात पहिली आठवण १९०१ सालची. बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. ही मुले कोण आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे.

दुसरी आठवण १९२९ ची, चाळीसगावची. आता बाबासाहेब बॅरिस्टर आहेत, सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद आहेत. आपले लोक त्यांना मुक्कामाला घेऊन जायला स्टेशनवर आले. टांगेवाले नाही म्हणाले. एक जण टांगा द्यायला तयार झाला, पण हाकायला नाही. पाहुण्याला चालत कसे न्यायचे, म्हणून आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्या माणसाने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या फरशी पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेला.

ही हकीकत आपण अपमानाची म्हणून सांगतो, आणि ती अपमानाची आहेच. पण मी ती अलीकडे आणखी एका बाजूने वाचू लागलो आहे. भाड्याने टांगा मिळाला, घोडा मिळाला, रस्ता होता. नव्हते ते हाकण्याचे कौशल्य. ते आपल्याजवळ नव्हते, कारण टांगा कधी आपल्या हाती येऊच दिला नव्हता. ज्याने लगाम धरला त्याला दोष देण्याचे माझ्या मनात कधी येत नाही. त्याने मानासाठी धरला. पण गाडी मानाने चालत नाही, सवयीने चालते.

आता मुंबईकडे येऊ. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये कारखाना काढला आणि परदेशातून आलेल्या सुट्या भागांपासून इथे मोटारी आणि ट्रक जोडायला सुरुवात झाली. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो आणि फार्गो ही ट्रकची नावे वडीलधाऱ्यांना आठवत असतील. गाडी जवळजवळ एकच, पुढची पाटी तेवढी वेगळी. टाटांचा मर्सिडीज-बेंझचा ट्रक जमशेदपूरहून आला तो १९५४ मध्ये. त्यानंतर हळूहळू सगळीकडे टाटाच दिसू लागला. पण त्याआधी लांब नाकाचा फार्गो म्हणजे कुर्ल्याची गाडी, म्हणजे आपल्या घाटकोपरच्या शेजारची.

या ट्रकच्या जगात आपला समाज कुठे होता? होता, पण मागे होता. माझे वडील महानगरपालिकेत मोटर लोडर होते. हे पदाचे नाव नव्या पिढीला सांगावे लागते. कचऱ्याच्या गाडीत पाटीने कचरा भरायचा, गाडीच्या मागच्या फळीवर उभे राहून देवनारला जायचे, तिथे उतरवायचा. केबिनमध्ये ड्रायव्हर बसायचा, पावसात तो कोरडा असायचा. वडिलांनी आयुष्यभर ट्रकमधून प्रवास केला, पण ट्रकच्या केबिनमध्ये ते किती वेळा बसले हे ते बोटांवर मोजून सांगत. म्हणजे गाडीच्या मागे आपण, स्टिअरिंगवर दुसरा आणि आरसी बुकात तिसरा.

आमचा फार्गो एका लाकडाच्या वखारीच्या आवारात उभा होता. मालक तो कुर्ल्याच्या भंगारवाल्याला देणार होता. सीएसटी रोडच्या कडेने गाड्या कापणारी दुकाने आपण पाहिलीच आहेत. जिथे हा ट्रक जन्मला, तिथून हाकेच्या अंतरावर तो किलोच्या भावाने कापला जाणार होता. तीन-साडेतीन टन लोखंड. माझ्या धाकट्या भावाचा मंडप डेकोरेशनचा व्यवसाय आहे. त्याने भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन तो घेतला. बँकेच्या नोकरीत जोडधंदा करता येत नाही, त्यामुळे गाडी भावाच्या नावावर आहे. मी फक्त शिकाऊ आहे.

कागद मात्र मी तपासले, आणि हे जरा सविस्तर सांगतो, कारण जुनी गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात आणि कागद वाचत नाहीत. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर एकच आहे का ते खडू घासून पाहा. रोड टॅक्स कुठपर्यंत भरला आहे ते पाहा, थकबाकी असेल तर ती गळ्यात पडते. आरसी बुकात एखाद्या बँकेचा बोजा आहे का पाहा. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेले असेल, पण बँकेच्या सहीचा ३५ नंबरचा फॉर्म आरटीओत दिल्याशिवाय बोजा उतरत नाही. आणि २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याची सही झाल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रक जुना असेल तर योग्यता प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावे लागते. पंधरा वर्षांवरील अवजड वाहनांची त्याची फी २०२२ पासून कित्येक पटींनी वाढलेली आहे. हौस करताना हा खर्च धरून चाला.

इथेच एक गंमत सांगतो, तिला गंमत म्हणावी की काय ते तुम्ही ठरवा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. त्यात दुचाकी बसते, खासगी मोटार बसते. ट्रक बसत नाही. राजेमहाराजांच्या आणि शेठजींच्या मोटारी पॉलिश करून मिरवणुकीत काढल्या जातात, त्या वारसा ठरतात. ज्या ट्रकने सिमेंट वाहिले, कचरा वाहिला, शहर उभे केले, तो भंगार. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण कोणाचे जतन होते आणि कोणाचे होत नाही, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला नोंदवावेसे वाटते.

आता शिकण्याविषयी. शिकवायला वडिलांच्या ओळखीचे एक वृद्ध ड्रायव्हर भेटले. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणतो. भिवंडीकडे एका गोदामाचे मोठे आवार रविवारी रिकामे असते, तिथे आमची शाळा. पहिले तीन रविवार त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. गाडीखाली झोपवले. ग्रीस कुठे कुठे भरायचे, पाटा तुटला तर कसा ओळखायचा, डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली की पंपाने ती कशी काढायची. "क्लीनर झाल्याशिवाय ड्रायव्हर होता येत नाही," एवढेच ते म्हणाले.

मग गिअर. आजच्या गाडीत क्लच दाबला, गिअर टाकला, झाले. या फार्गोत तसे करून पाहा, पेटीतून असा आवाज येतो की आवारातली कुत्री पळतात. कारण आजच्या गिअरपेटीत दोन चक्रांचा वेग आपोआप जुळवणारी सोय असते, ती यात नाही. इथे वेग माणसाने जुळवायचा. त्याला डबल क्लच म्हणतात. वरचा गिअर टाकायचा तर क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग उतरू द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा, मग गिअर. खालचा टाकायचा तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून मधेच रेस द्यायची, म्हणजे इंजिन वर येते आणि गिअर लोण्यासारखा जातो. रेस कमी पडली तरी खरखर, जास्त झाली तरी खरखर. किती द्यायची हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. उस्ताद माझ्या उजव्या पायाकडे बघतसुद्धा नाहीत, डोळे मिटून ऐकतात.

स्टिअरिंगला पॉवर नाही. उभ्या गाडीत ते फिरवायचा प्रयत्न केला तर खांदे भरून येतात. गाडी थोडी सरकती ठेवली की तेच स्टिअरिंग हलके होते, हे कळायला मला दोन रविवार लागले. आणि घाटाचा नियम : ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक लागत नाहीत. कसारा आणि खंडाळ्याच्या घाटात अशाने किती संसार उघड्यावर आले ते उस्ताद सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो.

धम्मपदाच्या कोधवग्गात रथ आवरणाऱ्या सारथ्याची उपमा आहे. भन्तेजी इथे बसले आहेत, मी त्यावर अधिक बोलणे बरे नाही. पण नुसता दोर हातात असणे आणि गाडी ताब्यात असणे यातला फरक तथागतांनी केला, तो मला त्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवल्यावर समजला एवढे सांगतो.

आता चिटणीसांच्या विषयाकडे. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लहान वाहतूकदाराला कर्ज देणे हे बँकांचे काम ठरले. १९७८ मध्ये महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या बीज भांडवल योजनेची रचना अशी की ७५ टक्के बँकेचे कर्ज, २० टक्के महामंडळाचे आणि अर्जदाराचे फक्त ५ टक्के. योजना चांगली आहे. पण मी टेबलाच्या आतल्या बाजूला बसतो, तेव्हा मला जे दिसले ते सांगतो. अर्जावर आपल्या माणसाचे नाव, जातीचा दाखला आपल्या माणसाचा, सही त्याची. ते पाच टक्के मात्र भलताच कोणीतरी भरतो, गाडी तोच घेऊन जातो, त्याचाच ड्रायव्हर ती चालवतो. आपल्या माणसाला सहीचे काही हजार मिळतात. वर्षभराने हप्ते थांबतात. मग नोटीस निघते ती ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या खोलीच्या पत्त्यावर. अशा नोटिसा मी स्वतः टाइप केलेल्या आहेत. पत्ते वाचताना वस्तीची नावे ओळखीची असतात.

हे का होते? पैशाची गरज हे एक कारण आहेच. पण दुसरे असे की ज्याच्या नावावर ट्रक होता, त्याला ट्रक चालवता येत नव्हता. ट्रक किती पळतो, किती डिझेल खातो, टायर किती दिवस चालतात, यातले काहीच त्याला माहीत नव्हते. म्हणून त्याला तो ट्रक आपला वाटलाच नाही, तो कागदच वाटला. मसूरला गाडी मुलांच्या हाती होती आणि मालक दुसरा होता. इथे मालक आपण आणि गाडी दुसऱ्याच्या हाती. उलटे केले तरी आपण पायीच.

माझा फार्गो यावर तोडगा आहे असे मी म्हणणार नाही. तो धंद्याला लावण्यासारखा नाही. पण शिकण्यासाठी मात्र त्याच्यासारखी गाडी नाही, ज्याला त्याचे गिअर टाकता आले त्याला कोणताही नवा ट्रक दोन दिवसांत येतो, असे उस्तादांचे म्हणणे आहे. तेव्हा ज्या तरुणांना हेवी लायसन्स काढायचे असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. वय वीस पूर्ण हवे. हलक्या वाहनाचे पक्के लायसन्स काढून एक वर्ष झालेले हवे, त्यानंतरच हेवीचे कच्चे मिळते. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे पाच नंबरचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. मध्यंतरी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे शाळा सुटलेल्यांनीही संकोच करू नये. मुलींनीही यावे, उस्तादांची हरकत नाही, मी विचारून ठेवले आहे. आम्ही शाळेची जागा घेत नाही, सराव देतो. डिझेलचा खर्च वर्गणीतून निघावा अशी मंडळाला विनंती आहे.

आणखी एक. १४ एप्रिलच्या चित्ररथासाठी आपण दरवर्षी ट्रक भाड्याने आणतो, सोबत ड्रायव्हरही भाड्याचा. यंदा भावाने फार्गो देऊ केला आहे. मिरवणुकीत पायी माणसांच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये, चार-पाच तास गाडी चालवणे हे घाटापेक्षा अवघड काम आहे, क्लचवरचा पाय भरून येतो आणि समोर लहान मुले असतात. तोपर्यंत आपल्यातले निदान दोघे पक्के लायसन्सवाले तयार झाले तर ठीक, नाहीतर उस्तादच बसतील. पहिला रविवार येत्या पौर्णिमेनंतरचा. पहाटे साडेपाचला मुलुंड चेकनाक्यावर जमायचे. जुने कपडे घालून यावे, ग्रीस निघत नाही.

जयभीम, नमो बुद्धाय.