ऐकणारं काळीज

मराठीत 'शहाणा' हा शब्द फार जपून वापरावा लागतो. 'तू फार शहाणा आहेस' असं कुणी म्हटलं, की ते कौतुक नव्हे हे लहान पोरालाही कळतं. शिवाय शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतोच. म्हणजे शहाणपण म्हणजे भानगडीत न पडणं, अशी एक सोयीची समजूत आपण करून घेतली आहे.

ख्रिस्ती घरांमध्ये मात्र शहाणपण ही देवाकडे मागायची गोष्ट आहे. नव्या करारात याकोबाचं एक छोटं पत्र आहे. ज्याला शहाणपण कमी पडतं त्यानं ते देवाकडे मागावं, तो हात आखडता घेत नाही आणि मागणाऱ्याला बोलही लावत नाही, अशा अर्थाचं त्यात सांगितलं आहे. मला त्यातला 'बोल लावत नाही' हा भाग जास्त आवडतो. आपल्याकडे कुणाला सल्ला विचारायला जा, आधी 'मी तेव्हाच सांगत होतो' हे ऐकावं लागतं!

या मागण्याचं मूळ शलमोन राजापर्यंत जातं. शलमोन म्हणजे आमचे हजरत सुलेमान. गिबोन इथं देवानं त्याला स्वप्नात विचारलं, काय हवं ते माग. त्यानं दीर्घायुष्य मागितलं नाही, धन मागितलं नाही, शत्रूंचे प्राणही मागितले नाहीत. लोकांचा न्याय करता यावा म्हणून त्यानं जे मागितलं, त्याचा मूळ हिब्रू शब्दांप्रमाणे अर्थ होतो 'ऐकणारं हृदय'. मी कविता लिहिणारा माणूस, बोलण्यावर माझं पोट नसलं तरी जीव आहे. राजानं वाणी न मागता कान मागावा, याचं मला अजून नवल वाटतं.

लगेच पुढे ती प्रसिद्ध गोष्ट येते. एक मूल, दोन आया, आणि मूल कापून वाटून द्या म्हणणारा राजा. ही गोष्ट आमच्या हदीसमध्येही आहे. तिथं एका बाईचं मूल लांडग्यानं नेलेलं असतं, आणि सुलेमान तलवार न मागता सुरी मागतात. ती सांगणारे अबू हुरैरा शेवटी म्हणतात, की सुरीला 'सिक्कीन' म्हणतात हे मी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आम्ही तिला 'मुदया' म्हणायचो. एवढ्या गंभीर गोष्टीत हा माणूस शब्दापाशी थांबतो. मला तो जवळचा वाटतो.

बायबलमध्ये तलवार, हदीसमध्ये सुरी. आमच्या नगरच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी तेच काम एका स्टॅम्प पेपरनं केलं.

शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात. दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. वडील शाळामास्तर. पगारातून पैसे साठवून त्यांनी गावाकडे साडेतीन एकर जमीन घेतली होती. आई आधीच गेलेली. वडील गेले ते मृत्युपत्र न करता. मागे सिस्टर आणि दोन धाकटे भाऊ. वर्षश्राद्ध वगैरे त्यांच्यात नाही, पण वर्ष उलटायच्या आत थोरला भाऊ कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. हा शब्द महाराष्ट्रातल्या बहुतेक बहिणींना ठाऊक असतो, मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत.

कायदा इथं सरळ आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच. केरळातल्या जुन्या त्रावणकोर भागात मात्र वेगळा कायदा होता. तिथं मुलीला मुलाच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय नावाच्या बाई त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. आपल्याकडे हा लढा लागला नाही. आपल्याकडे लागते ती सही.

भाऊ दुष्ट नव्हता. 'ताई, तुझं सासर भरलेलं आहे,' तो म्हणाला. वर त्यानं बायबलही काढलं. लूकच्या शुभवर्तमानात गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमचा वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि लोभापासून सांभाळा, असं सर्वांना बजावतो. 'बघ,' भाऊ म्हणाला, 'प्रभूसुद्धा वाटणीत पडला नाही.'

सिस्टरनी कागद ठेवून घेतला. पाळकांना विचारलं, ते म्हणाले क्षमा करा. वकिलांना विचारलं, ते म्हणाले दावा लावा. मुलींना विचारलं, त्या म्हणाल्या तुझी मर्जी. तिन्ही उत्तरं अशी, की देणाऱ्याचं काही जात नाही. मग त्या रोज पहाटे तो कागद समोर ठेवून बसायला लागल्या. मी एकदा विचारलं, 'सिस्टर, देव काही बोलला का?' त्या हसल्या. 'भाई, आधी माझा राग बोलतो, मग माझी भीती बोलते. त्या दोघी दमल्या की मग बघू.' ज्या दिवशी राग असेल त्या दिवशी निर्णय नाही, आणि भावाच्या आठवणीनं डोळे भरले असतील त्या दिवशीही नाही, असा त्यांचा नियम होता. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला नावाच्या संतानं असंच काहीसं शिकवलं, की मन खचलेलं असताना आधीचा निश्चय बदलू नये. सिस्टर प्रॉटेस्टंट, त्यांनी त्याला वाचलेलं असण्याचा संभव कमी. त्या रात्रपाळीतून शिकल्या असाव्यात.

वाचताना त्यांना सलाफहादच्या मुली सापडल्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप वाळवंटात मेला, मुलगा नाही. पाचही जणी मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या सरदारांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचं नाव का पुसता? आम्हांला वतन द्या. मोशेलाही उत्तर माहीत नव्हतं. त्यानं ते देवापुढे ठेवलं, आणि देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात. मला वाटलं, सिस्टरना आता हुकमाचा एक्का मिळाला. पण त्याच म्हणाल्या, 'त्यांना भाऊ नव्हते, भाई. माझं प्रकरण तेच नाही. सोयीचं तेवढं वाचायचं असेल तर माझ्यात आणि माझ्या भावात फरक काय?'

पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं बायबल थेट हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या. साध्या बायकांना दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचता यावं, ही त्यांची तळमळ होती. अशा वाचनानं काय होतं, ते मी त्या ओट्यावर पाहिलं.

शेवटी सिस्टरनी भावाला घरी बोलावून जेवू घातलं आणि मग सांगितलं, 'मी सही करणार नाही. दावाही लावणार नाही. शेती तुम्ही करा, पीक तुम्ही खा. पण वडिलांच्या सातबाऱ्यावर तिघांची नावं लागतील. प्रभूनं लोभापासून सांभाळा म्हटलं ते गर्दीतल्या सगळ्यांना म्हटलं, एकट्या मागणाऱ्याला नव्हे.' क्षमेचं विचारल्यावर म्हणाल्या, 'क्षमा मी केलेली आहे. ती तलाठ्याकडे नोंदवायची नसते.'

याची किंमत त्यांना पडली. धाकटा भाऊ वर्षभरात येऊ-जाऊ लागला. थोरला भाचीच्या लग्नालाही आला नाही. मंडळीत काही जण अजून त्यांना 'शहाण्या बाई' म्हणतात, ते याच अर्थानं. पहाटेच्या प्रार्थनेत त्या थोरल्याचं नाव आधी घेतात, हे मला त्यांच्या मुलीनं सांगितलं.

आमच्या घरचंही सांगायला हवं. कुराणात मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे, मुलाच्या निम्मा. त्यावर मौलवींची प्रवचनं होतात. पण तो निम्मासुद्धा किती बहिणींच्या हाती पडतो? 'माहेर तुटेल' या दोन शब्दांपुढे सूरे-निसाही गप्प बसते. निर्णयाआधी दोन रकात नमाज पढून अल्लाकडे भलाई मागायची, तिला आम्ही इस्तिखारा म्हणतो. लग्न ठरवताना, धंदा बदलताना लोक ती करतात. बहिणीच्या कागदासाठी कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातली एक विधवा बाई असाच कागद घेऊन माझ्याकडे आली. मी बी. ए. झालेला, म्हणून मी वाचून दाखवावा, ही अपेक्षा. मी वाचून दाखवला. ती म्हणाली, 'भाईजान, करू का सही?' मी तिला सिस्टरकडे घेऊन गेलो. दोघी आत बसल्या. मला चहा करायला सांगितलं, आणि चहा झाल्यावर बाहेर बसायला सांगितलं. दोन तास झाले असतील. ती बाहेर आली तेव्हा कागद घडी करून पदरात खोचलेला होता, आणि त्यावर अजून सही नव्हती.