जिथे ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ चालत नाही



आपल्याकडे व्यापारी बिलाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहितात. बाजारात ते शोभते. चुकलेला आकडा उद्या दुरुस्त करता येतो. शिरेत गेलेले औषध मात्र परत काढता येत नाही. म्हणून भूल देताना होणाऱ्या औषधांच्या चुका कशा टाळाव्यात, हा आज माझा विषय आहे.

कुपवाडला मिरज जवळ. तेथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. त्या काळी भूल म्हणजे मुख्यतः ईथर, नाहीतर क्लोरोफॉर्म. वासावरूनही बाटली ओळखावी. आज एकाच शस्त्रक्रियेत झोपेचे, स्नायू सैल करणारे, वेदना शमवणारे, रक्तदाब वाढवणारे अशी कितीतरी औषधे लागतात. एखादे दुधासारखे असते. बाकीची बहुतेक पाण्यासारखी स्वच्छ. सिरिंजमध्ये भरली की ओळखायची कशी?

एक उदाहरण देतो. सिझेरियनसाठी पाठीच्या मणक्यांमध्ये औषध देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची कुपी या बधिर करणाऱ्या औषधाच्या कुपीसारखी दिसू शकते. ते चुकून मणक्यात गेले, तर तीव्र झटके येऊन प्राणावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली याबद्दल इशारा दिला आहे.

अशा वेळी आपण सहज म्हणतो, “लक्ष नको का द्यायला?” हवेच! पण श्रोतेहो, पहाटे तीन वाजता, आई आणि बाळ दोघांचेही प्राण पणाला लागलेले असताना, दमलेल्या माणसाच्या लक्षावर किती भार टाकायचा? आपल्या औद्योगिक वसाहतीत प्रेसवर काम करणाऱ्यांना विचारा. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज यंत्र चालू नये, अशी योजना असते; मग हात आत सापडत नाही. तेथे कामगाराला नुसता उपदेश केलेला नसतो, चुकीची वाटच बंद केलेली असते. भुलेच्या यंत्रावरही ऑक्सिजनच्या जागी दुसऱ्या वायूचे सिलिंडर बसू नये म्हणून खुंट्यांची ठरावीक रचना असते.

औषधांचेही तसेच करावे. दिसायला सारख्या कुप्या एका खणात ठेवू नयेत. औषध भरताक्षणी सिरिंजवर नावाची चिठ्ठी लावावी. झोपेच्या औषधाला पिवळी, स्नायू सैल करणाऱ्याला लाल, असे रंग ठरलेले आहेत; परंतु रंग हा वाचनाला पर्याय नव्हे. देण्यापूर्वी नाव व मात्रा मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने पडताळावी. चिठ्ठी नसलेली सिरिंज टाकून द्यावी.

आता आपल्याकडे वळतो. “मी चुकीची कुपी उचलली होती,” असे सांगणाऱ्या परिचारिकेला घरी बसवले, तर दुसरी परिचारिका गप्प राहील आणि ती कुपी त्याच खणात राहील. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला जाब विचारावाच. अपाय झाला तर नातेवाइकांना सत्यही सांगावे. पण प्रामाणिक कबुलीला शिक्षा करू नये. आणि आपण शस्त्रक्रियेला जाताना रोजच्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत, कोणते औषध सोसत नाही ते सांगावे, आणि “सिरिंजवर नाव लिहिता ना?” असे निःसंकोच विचारावे. हा प्रश्न चांगल्या डॉक्टरला अपमान वाटत नाही.