तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी कचेरीत
(शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलाला घरात, गावात आणि नातलगांच्या बैठकीत एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय करणार? वैद्यकाच्या किंवा स्थापत्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तत्त्वज्ञानाला राज्यशास्त्राची जोड दिली तर प्रश्नाची धार थोडी बोथट होते, कारण राज्यशास्त्र म्हणजे स्पर्धा परीक्षेची तयारी असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. ब्रिटनमधील काही विद्यापीठांनी या प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने शोधले. तेथे हे दोन विषय एकत्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याची इच्छा असल्यास, तीन वर्षांच्या पदवीत एका वर्षाची भर घालता येते. पहिली दोन वर्षे विद्यापीठात, तिसरे वर्ष एखाद्या शासकीय कार्यालयात, खासदाराच्या कचेरीत, सेवाभावी संस्थेत किंवा वृत्तपत्रात, आणि अखेरचे वर्ष पुन्हा वर्गात, असा हा क्रम असतो.

या पद्धतीला तेथे ‘सँडविच’ म्हणतात. दोन पावांच्या मध्ये भाजी, तसे दोन अभ्यासकाळांच्या मध्ये काम. सलग वर्षभर काम असेल तर ते जाड सँडविच आणि सहा-सहा महिन्यांच्या अनेक पाळ्या असतील तर पातळ, असेही प्रकार मानले जातात. नाव खाद्यपदार्थाचे असले तरी उगम कारखान्यातला आहे. १९०३ मध्ये सुंदरलँडच्या तंत्रमहाविद्यालयात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत सुरू झाली. १९६३ च्या रॉबिन्स समितीच्या अहवालानंतर प्रगत तंत्रमहाविद्यालयांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९६६ मध्ये बाथ, सरे, ब्रुनेल, लफबरो, अशी विद्यापीठे उभी राहिली व त्यांनी कारखान्यातील ही शिस्त हळूहळू सामाजिक शास्त्रांच्या वर्गातही आणली. म्हणजे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी कचेरीत पोहोचला तो यंत्रज्ञाच्या मागोमाग.

उलट ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांचा संयुक्त अभ्यासक्रम १९२० पासून चालू आहे. त्यातून हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन आणि ऋषी सुनक असे पंतप्रधान निघाले. पण कामाच्या वर्षाची गरज तेथे कधी भासली नाही. ज्यांच्या ओळखी आधीच सत्तेच्या दारापर्यंत पोहोचलेल्या असतात त्यांना अशा वर्षाची निकड कमी, हे त्याचे एक कारण असावे.

कल्पना मात्र फार जुनी आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात राज्यकर्त्यांच्या शिक्षणाचा जो आराखडा आहे, त्यात तिसाव्या वर्षापासून पाच वर्षे तत्त्वचिंतन आणि त्यानंतर तब्बल पंधरा वर्षे प्रत्यक्ष अधिकारपदावरील काम सांगितले आहे. ज्याने गुहेबाहेरचा प्रकाश पाहिला त्याने पुन्हा गुहेत उतरावे, तेथील अंधाराची डोळ्यांना सवय करून घ्यावी आणि मगच पन्नासाव्या वर्षी परम तत्त्वाकडे वळावे, असा तो क्रम आहे. आजचे विद्यापीठ त्या पंधरा वर्षांच्या जागी एक वर्ष देते, इतकाच काय तो फरक!

परंतु कचेरीत बसल्याने विचारवंताला नेमके काय मिळते? याचे सर्वांत बोलके उदाहरण भारताच्या इतिहासाशी निगडित आहे. जॉन स्टुअर्ट मिल हा तत्त्वज्ञ १८२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला. वडील जेम्स मिल तेथेच अधिकारी होते. १८५८ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, त्याने ही नोकरी केली. हिंदुस्थानातील संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे लिहिणे हे त्याचे मुख्य काम. तर्कशास्त्र व अर्थशास्त्र यांवरील त्याचे मोठे ग्रंथ याच काळात लिहिले गेले. आत्मचरित्रात त्याने या नोकरीचे ऋण मान्य केले आहे. आपला विचार इतरांच्या गळी कसा उतरवावा, आणि सर्व मिळत नसेल तेव्हा मिळेल तेवढे पदरात पाडून पुढे कसे जावे, हे त्याला तेथे समजले. कोणत्याही तहसील कचेरीतील अव्वल कारकुनाला हा धडा ओळखीचा वाटेल.

या चित्राची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पस्तीस वर्षे हिंदुस्थानचे कागद हाताळणाऱ्या मिलने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. त्याच्या वडिलांनी तर हा देश न पाहता त्याचा इतिहास लिहिला आणि न पाहिल्यामुळेच आपण निःपक्षपाती राहू शकलो असा दावा प्रस्तावनेत केला. १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात मिलने व्यक्तिस्वातंत्र्याचा जो सिद्धांत मांडला, तो मागासलेल्या मानलेल्या समाजांना लागू नाही असे त्याच ग्रंथात नमूद केले. कागद रोज त्याच्या मेजावर येत होते, पण ज्यांच्याविषयी ते होते ती माणसे कधी समोर आली नाहीत. कामाचे वर्ष कोणत्या मेजावर जाते, याला म्हणूनच महत्त्व आहे.

आज ब्रिटनमधील विद्यार्थी अशा वर्षात काय करतो, हे पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. हल विद्यापीठाने राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्षभर वेस्टमिन्स्टरला खासदारांच्या कार्यालयात पाठविण्याचा उपक्रम दीर्घकाळ चालविला. अशा कार्यालयात येणारा बराचसा टपाल हा धोरणांविषयी नसतो. घर मिळत नाही, भत्ता थांबला, परदेशातील पत्नीचा परवाना अडला, अशा तक्रारींचा असतो. नगरपालिकेच्या घरांचेच उदाहरण घ्या. इंग्लंडमधील १९९६ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला घरवाटपाची लेखी योजना ठेवावी लागते आणि बेघर, अतिदाटीत राहणारे, आजारपणामुळे घर बदलण्याची गरज असलेले अशांना वाजवी प्राधान्य द्यावे लागते. वर्गात जॉन रॉल्सचा १९७१ चा न्यायविषयक ग्रंथ वाचून आलेल्या मुलीच्या हाती आता दोन अर्ज असतात. एक बाई सहा वर्षे रांगेत आहे. दुसरी कालच दोन मुलांसह रस्त्यावर आली आहे. घर एकच. नियम कोणाला आधी देतो, का देतो, आणि ज्याला नाही म्हणायचे त्याला ते कोणत्या शब्दांत कळवायचे? रॉल्सच्या पुस्तकात उत्तर पाठवायची तारीख नसते. अर्जावर असते. हा फरक समजून घेऊन ती मुलगी अखेरच्या वर्षी वर्गात परतली तर प्राध्यापकालाही पूर्वीचे व्याख्यान जसेच्या तसे देता येणार नाही.

खर्चाचा प्रश्न या पद्धतीच्या मुळाशी आहे. इंग्लंडमध्ये २०२५-२६ या वर्षी स्थानिक विद्यार्थ्यांसाठी पदवीच्या वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड होती आणि कामाच्या वर्षाची १,९०५ पौंड, म्हणजे सुमारे एक पंचमांश. ही सवलत योग्यच. परंतु अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक वर्षापर्यंत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. अभियांत्रिकी कंपन्या तरीही वेतन देतात, कारण त्यांना मुले हवी असतात. सेवाभावी संस्था व राजकीय कार्यालये यांच्याकडे पैसा कमी आणि येऊ इच्छिणारे मात्र पुष्कळ. परिणामी तत्त्वज्ञान-राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला लंडनमध्ये खोलीचे भाडे स्वतः भरून बिनपगारी काम पत्करण्याची वेळ येऊ शकते, आणि ते परवडते सुखवस्तू घरातील मुलांना. गरिबांसाठी दार उघडावे म्हणून योजिलेले वर्ष अशा रीतीने त्यांच्याच तोंडावर बंद होते. हाउस ऑफ कॉमन्सच्या सभापतींच्या पुढाकाराने २०११ मध्ये सवेतन प्रशिक्षणाची एक योजना सुरू झाली ती हेच ओळखून.

पैशाहून अवघड असा एक अडथळा मात्र ब्रिटनमध्ये नव्हे, बडोद्यात दिसला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला; कृतीतून शिक्षण हा विचार मांडणारे जॉन ड्यूई हे तेथे त्यांचे शिक्षक होते. करारानुसार १९१७ मध्ये ते संस्थानच्या सेवेत रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जाण्यास बजावले. दोन मित्रांकडे आसरा मिळाला नाही, तेव्हा गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि मुंबईस परतले. विद्यार्थी कामाला योग्य आहे की नाही, हे आपण नेहमी तपासतो. कामाची जागा विद्यार्थ्याला योग्य आहे की नाही, हे तपासण्याची रीत अजून रुळलेली नाही.

महाराष्ट्रात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या आराखड्यात कार्यप्रशिक्षण व क्षेत्र प्रकल्प यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. कला शाखेच्या मुलामुलींना कारखाने सहसा घेत नाहीत. ती पंचायत समितीत, ग्रामपंचायतीत, शाळेत येणार. पहिल्या दिवशी पत्र द्यायचे, अखेरच्या दिवशी शिक्का मारून प्रमाणपत्र न्यायचे आणि मधले दिवस कोणीच विचारायचे नाहीत, असा प्रकार होऊ लागला तर त्याचा दोष विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही.

काम शोधावे लागते असेही नाही. ग्रामसभेचे गेल्या तीन वर्षांचे इतिवृत्त वाचून कोणते ठराव अंमलात आले आणि कोणते नुसते लिहिले गेले याची यादी करणे. घरकुलाच्या यादीत नाव न आलेल्या दहा कुटुंबांकडे जाऊन त्यांना कारण कळविले गेले होते काय हे विचारणे. टंचाईच्या महिन्यांत टँकर प्रथम कोणत्या वस्तीवर जातो व तो क्रम कोणी ठरविला हे लिहून काढणे. ही कामे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला वेळेअभावी जमत नाहीत आणि तत्त्वज्ञान शिकलेल्या मुलीला ती चांगली जमतील, कारण ‘कोणत्या आधारावर?’ हा प्रश्न विचारण्याचे शिक्षण तिने घेतलेले असते. तिला एक मेज, दप्तर पाहण्याची परवानगी आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास बोलणारा एक जबाबदार अधिकारी द्यावा. जाण्या-येण्याचे एसटीचे भाडे कोण देणार, हे मात्र ती येण्यापूर्वी ठरवावे. ते ठरले नाही तर तालुक्याच्या गावात राहणारीच तेवढी येतील आणि वाडीवरची मुलगी घरी राहील.